मानसशास्त्रज्ञांनी गोळ्या लिहून द्याव्यात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. जत भागात माझी एक खोली आहे. तिच्यात तीन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा माठ आणि भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र. तपासणीचं टेबल नाही, बीपीचं यंत्र नाही, वजनकाटा नाही. नवा माणूस आत आला की आधी हेच बघतो आणि विचारतो, "डॉक्टर कुठायत?" पुढचे बहुतेक प्रश्न या एका प्रश्नातूनच निघालेत.

"ताई, एवढं सगळं ऐकून घेतलंत, आता गोळीपण तुम्हीच लिहून द्या की. परत मिरजेला कशाला पाठवता?"

कारण मला तो अधिकार नाही. मी लिहून दिलं तर ती चिठ्ठी बेकायदा ठरेल. मेडिकलवाल्याने तिच्यावर गोळी दिली, तर तोही अडकेल.

तुमचा त्रागा मला कळतो. मिरजेला जायचं म्हणजे एसटीचे अडीच तास जाताना, तेवढेच येताना. रोजगार बुडतो आणि सोबतीला एक माणूस लागतो, त्याचाही बुडतो. तिथे ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, आणि माझ्यासमोर पाऊण तास सांगितलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून मी पाठवताना एक पानभर लिहून देते. त्रास कधीपासून आहे, झोप किती, भूक कशी, घरात कुणाला असा आजार होता का, मरणाचे विचार येतात का. ते पान डॉक्टरांच्या हातात द्या. घडी करून खिशात ठेवू नका. निम्मे लोक ठेवतात.

तुम्हीही मनाचे डॉक्टर, तेही मनाचे डॉक्टर. मग फरक काय?

सायकिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, आधी एमबीबीएस होतात आणि नंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डिप्लोमा करतात. त्यांनी शवविच्छेदन केलेलं असतं, बाळंतपणं केलेली असतात, रात्री-अपरात्री कॅज्युअल्टी सांभाळलेली असते. माझं शिक्षण मानसशास्त्रातलं. एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल., त्यात रुग्णालयातलं काम, आणि मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी. बुद्धिमापन, व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या, निदानाला मदत आणि बोलण्यातून होणारे उपचार हे माझं काम. हृदयाचे ठोके ऐकायला मला कुणी शिकवलेलं नाही.

मराठी वर्तमानपत्रं दोघांनाही सर्रास 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणतात आणि घोळ वाढवतात. 'समुपदेशक' तर आजकाल कुणीही असतो. आरसीआयच्या १९९२ च्या कायद्यात नोंदणीशिवाय काम केल्यास वर्षभरापर्यंतची कैद किंवा दंड आहे. दंड किती? हजार रुपयांपर्यंत. आजकाल तेवढी फी एका बैठकीची घेतात.

कायद्यात नेमकं कुठे अडतं?

दोन ठिकाणी. औषधविक्रीच्या नियमांनुसार चिठ्ठीवरची औषधं फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवर देता येतात, आणि मानसशास्त्रज्ञ त्यात बसत नाही. मनाच्या आजारांवरची जवळपास सगळी औषधं चिठ्ठीवरचीच. त्यातही काळजीवरची अल्प्राझोलाम आणि झोपेची झोल्पिडेम ही जास्त कडक नियमांच्या एच-वन यादीत आहेत. केमिस्टला त्यांची वेगळ्या वहीत नोंद करावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवावी लागते.

दुसरं ठिकाण म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्याचं कलम १०६ सांगतं की ज्या औषधाला किंवा उपचाराला आपल्या व्यवसायाच्या क्षेत्राची परवानगी नाही, ते कुणीही सुचवू नये. शब्द नीट वाचा. 'लिहून देऊ नये' एवढ्यावर कलम थांबत नाही, सुचवायलाही मनाई आहे. त्यामुळे "ताई, ते अमुक औषध माझ्या मेहुण्याला लागू पडलं, मी घेऊ का?" या प्रश्नावर मी गप्प बसते. तो तुसडेपणा नाही.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ औषधं देतात म्हणे. खरं आहे का?

खरं आहे, पण सगळीकडे नाही. ग्वाम या अमेरिकी बेटावर १९९० च्या दशकाअखेर कायदा झाला. राज्यांमध्ये पहिलं न्यू मेक्सिको, २००२ साली. मग लुइझियाना २००४, इलिनॉय २०१४, आयोवा २०१६, आयडाहो २०१७, कोलोरॅडो २०२३ आणि युटा २०२४. ५० राज्यांत सात. त्याखेरीज सैन्यदलांत आणि मूळनिवासींसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेत ही सोय आहे.

आणि ज्याच्या नावापुढे पीएच.डी. त्याच्या हातात चिठ्ठ्यांचं पॅड, असंही नाही. न्यू मेक्सिकोत आधी डॉक्टरेट आणि परवाना हवा. त्यावर ४५० तासांचे वर्ग, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली ४०० तास काम करून किमान १०० रुग्ण, मग राष्ट्रीय परीक्षा. एवढं झाल्यावरही पहिली दोन वर्षं परवाना सशर्त. पुढेही रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांशी संपर्क ठेवावाच लागतो. इलिनॉयने तर कुंपण आणखी आवळलं आहे. १७ वर्षांखालची मुलं नाहीत, ६५ च्या वरचे नाहीत, गरोदर बायका नाहीत, गंभीर शारीरिक आजार असलेले नाहीत. म्हणजे धडधाकट, मधल्या वयाचे, साधी केस असलेले तेवढे राहिले. माझ्या वेटिंगमध्ये असे कितीसे असतात हे मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

हे सुरू कुठून झालं?

हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये यांनी १९८४ मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या सभेत सुचवलं की तुम्ही औषधं देण्याचा अधिकार मागा. सैन्याच्या खर्चावर त्यांचा संसदेत चांगलाच वचक होता. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एक प्रयोग केला. गणवेशातल्या मानसशास्त्रज्ञांना औषधशास्त्र शिकवायचं आणि सैनिकी रुग्णालयांत चिठ्ठी लिहू द्यायची. १९९१ ते १९९७ असा तो चालला. त्यातून बाहेर पडले दहा जण. फक्त दहा!

या दहांवर जेवढे अहवाल लिहिले गेले तेवढे क्वचितच कुठल्या वर्गावर लिहिले गेले असतील. संसदेच्या हिशेबतपासनीस कार्यालयाने १९९७ साली खर्च काढला, एकूण ६१ लाख डॉलर. दर माणशी ६ लाख १० हजार. हे परवडणारं नाही आणि सैन्याला याची गरजही नाही, असा त्यांचा शेरा होता. त्याच कार्यालयाने १९९९ मध्ये पुन्हा पाहिलं तेव्हा मात्र या दहांच्या कामाचा दर्जा चांगला असल्याचं नोंदवलं. दोन्ही बाजू आजही याच दहा माणसांचे दाखले देतात. एक बाजू पहिला अहवाल फडकवते, दुसरी दुसरा.

विरोध कुणाचा? फक्त डॉक्टरांचा?

डॉक्टरांचा तर आहेच, आणि त्यात पोटापाण्याची भीती अजिबात नाही असं कुणी म्हणू नये. हवाईच्या विधिमंडळाने २००७ मध्ये विधेयक मंजूर केलं, राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. ओरेगॉनमध्ये असं दोनदा झालं, २०१० आणि २०१७ मध्ये, दोन वेगवेगळ्या राज्यपालांकडून.

पण मला जास्त रस आहे तो घरातल्या भांडणात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेने १९९५ मध्ये या मागणीला अधिकृत पाठिंबा दिला, तरी विरोध करणारा गट मानसशास्त्रज्ञांतूनच उभा राहिला. त्यांचं म्हणणं असं की औषधशास्त्र शिकवायला वेळ काढायचा तर तो मानसशास्त्रातूनच कापला जाणार. आणि विम्याच्या कंपनीला दहा मिनिटांची चिठ्ठी पाऊण तासाच्या बोलण्यापेक्षा स्वस्त पडते. एकदा चिठ्ठीची लेखणी हातात आली की बाजार तुम्हाला बोलू देणार नाही. सायकिअ‍ॅट्रिस्ट मंडळींचं हेच झालं. एकेकाळी तेही तासभर बोलत.

गेल्या वीसेक वर्षांत तिथे काही विपरीत घडलं का?

विरोधकांनी जी अनर्थाची भाकितं केली होती, ती खरी झाली नाहीत, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. तक्रारींचा पाऊस पडला नाही, कुठल्या राज्याने कायदा मागेही घेतला नाही. अर्थात, औषधं देणारे मानसशास्त्रज्ञ मुळात थोडे, आणि नाकासमोर चालणारे. नवा अधिकार मिळालेला माणूस सुरुवातीला जपूनच चालतो.

ज्या कारणासाठी हे मागितलं होतं, ते मात्र अर्धंच साधलं. कारण होतं खेडोपाडी डॉक्टर नाहीत, हे. कायदा झाला म्हणून शिकलेला माणूस वाळवंटातल्या गावात राहायला जातोच असं नाही. त्याच्याही बायकोला नोकरी हवी असते, मुलांना शाळा हवी असते. आपल्याकडे ग्रामीण सेवेच्या बाँडचं काय होतं ते बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

गोळी मनाची आहे. शरीराचा एवढा बाऊ कशाला?

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

एप्रिलचा दुसरा आठवडा. चाळिशीतला एक माणूस, बायपोलर आजार, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य; त्यावर मिरजेच्या डॉक्टरांकडून लिथियमची गोळी चालू, तीन वर्षं उत्तम. माझ्याकडे महिन्यातून एकदा बोलायला यायचा. त्या दिवशी आला तेव्हा चहाची बशी हातात ठरेना. थरथर. बोलणं थोडं अडखळतं. म्हणाला, "मॅडम, हप्ता थकलाय, डोकं चालंना." पहिली दहा मिनिटं मी ती थरथर कर्जाच्या काळजीची समजून बोलत राहिले. दीर्घ श्वास घ्यायला लावला! मग सहज विचारलं, काम कुठे चालू आहे. बेदाण्याच्या शेडवर, म्हणाला. दिवसभर उन्हात द्राक्षं वाहायची. पाणी? "येळ कुठाय." गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून कसलीशी दुखीची गोळी आणली होती, आठवडाभर दिवसातून दोनदा घेत होता. सकाळपासून दोनदा उलटी.

लिथियम रक्तात साधारण ०.६ ते १.० एवढ्याच पट्ट्यात राहायला हवं. १.५ च्या पुढे ते विषासारखं वागायला लागतं. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की त्याची पातळी चढते, आणि आयबुप्रोफेनसारख्या दुखीच्या गोळीने आणखी चढते. मी त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आजची गोळी देऊ नका, लगेच सलाइन आणि रक्त तपासणी, गाडी करून पाठवा. चार दिवसांनी तो बरा होऊन घरी आला.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी दहा मिनिटं गेली, कारण माझा हात सवयीने काळजीकडे जातो. डॉक्टरचा मूत्रपिंडाकडे गेला असता.

लिथियम हे एकच उदाहरण झालं. थायरॉईड मंदावला की माणूस हुबेहूब नैराश्यातला दिसतो. बायपोलरवर देतात ते व्हॅल्प्रोएट गरोदरपणात बाळाला घातक. स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापिन सुरू केलं की पहिले काही महिने दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. तोच रुग्ण बीपीच्या, मधुमेहाच्या, टीबीच्या गोळ्याही खात असतो, आणि त्या सगळ्या पोटात गेल्यावर आपापसात काय करतात ते ठाऊक असावं लागतं.

पण आमचे गावातले डॉक्टर तर सर्रास झोपेची गोळी देतात. त्यांना मनाचं काय कळतं?

इथे मात्र मी तुमच्या बाजूची आहे. अमेरिकेतल्या समर्थकांचा सगळ्यात दमदार मुद्दाही हाच आहे. तिथेही नैराश्याची बहुतेक औषधं सायकिअ‍ॅट्रिस्ट नव्हे, फॅमिली डॉक्टरच लिहितात. मनाच्या आजारांचं शिक्षण त्यांना काही आठवड्यांचं असतं. मग ज्याने आयुष्यभर हेच केलं त्याला का नको?

माझ्याकडे एक आजी आल्या. पदराच्या गाठीत गोळ्यांची पट्टी. औषधाचं नाव असलेला तुकडा नेमका फाटून गेलेला. "ही बीपीची बारकी गोळी," म्हणाल्या. पट्टी उलटून उजेडात धरली तर अल्प्राझोलाम. नवरा वारला तेव्हा चार दिवस झोप लागेना, म्हणून कुणीतरी दिली होती. त्याला चार वर्षं झाली. एक होती, आता तीन लागत होत्या. आणि नवऱ्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. माझ्याकडे बसून त्या पहिल्यांदा रडल्या.

अशा वेळी वाटतं, गोळी सुरू करायचा नको, पण बंद करायचा अधिकार तरी असावा. मात्र हीसुद्धा तशी फसवी गोष्ट आहे. अल्प्राझोलाम एकदम तोडली तर फिट येऊ शकते. ती पायरी पायरीने उतरवायची, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. आजींचं तसंच केलं. पाच महिने लागले. डोस मिरजेचे डॉक्टर फोनवरून ठरवायचे, मधल्या वाईट रात्रींचं मी बघायचे.

आपल्याकडे सायकिअ‍ॅट्रिस्टच नाहीत. तुम्हाला अधिकार दिला तर प्रश्न सुटणार नाही का?

हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून आकडे बघू. बंगळुरूच्या निम्हान्सने, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचं दिसलं. (पाहणी १२ राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता.) तुटवडा खरा आहे, यात वाद नाही.

पण तुटवडा कुणाचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य अ‍ॅटलासमध्ये भारतात दर लाख लोकांमागे सायकिअ‍ॅट्रिस्ट होते ०.२९ आणि मानसशास्त्रज्ञ ०.०७. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सायकिअ‍ॅट्रिस्टपेक्षा संख्येने कितीतरी जास्त, म्हणून तिथे 'आम्हाला कामाला लावा' या म्हणण्यात अर्थ आहे. आपल्याकडे उलट. जो माणूस आधीच चौपट दुर्मिळ, त्याच्यावर दुसऱ्याचं काम टाकायचं आणि म्हणायचं प्रश्न सुटला! विहिरीला पाणी नाही म्हणून आडाला मोट लावण्यातला प्रकार.

आमच्या तालुक्याच्या पूर्वेकडची बरीच माणसं घरी कन्नड बोलतात. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत तासभर बोलणारा मानसशास्त्रज्ञ शोधून दाखवा. गोळी कुठल्याही भाषेत गिळता येते.

होमिओपॅथीवाल्यांना एका वर्षाच्या कोर्सवर अ‍ॅलोपॅथी लिहायला परवानगी मिळते, मग तुम्हाला का नाही?

हा टोमणा गेल्या वर्षभरात फार वेळा ऐकला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदे दुरुस्त करून, सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांना ही वाट उघडली. प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२५ मध्ये अशा होमिओपॅथांच्या मेडिकल कौन्सिलमधल्या नोंदणीवरून अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टर संपावर उतरले.

त्या वादात मी पडत नाही. एवढंच सांगते, त्यांनी निदान साडेपाच वर्षांत शरीररचना आणि शरीरक्रिया शिकलेली असते. माझी त्या विषयांची वही कोरी आहे. शिवाय असा अधिकार आला की पाठोपाठ काय येतं ते आपल्याला ठाऊक आहे. शनिवार-रविवारचे वर्ग, डोनेशन आणि फ्लेक्सवर नावापुढे 'डॉ.'.

मग तुमचं मत काय? सरळ सांगा.

आज मला हा अधिकार नको. दोन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण, तेही मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात, आणि मोजकीच औषधं, असं काही निघालं तर मी अर्ज करीन. वय आड आलं नाही तर.

पण पैसा आणि डोकं लावायचंच असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे बघा. तिथे एमबीबीएस डॉक्टर आहे, त्याला कायद्याने चिठ्ठी लिहिता येते, बीपीचं यंत्र आहे. कर्नाटकातल्या बळ्ळारीत १९८० च्या दशकात निम्हान्सने हेच करून दाखवलं होतं. केंद्राच्या डॉक्टरांना नेमक्या आजारांचं आणि मोजक्या औषधांचं शिक्षण द्यायचं आणि वरून सल्ला द्यायचा. १९९६ मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच साच्यावर बेतला. कागदावर तो आजही आहे. अशा डॉक्टरशेजारी आठवड्यातून दोन दिवस माझ्यासारखी एक खुर्ची टाकून बसली, तर मिरजेच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. यासाठी कुठलाही कायदा बदलायला लागत नाही.

गोळ्या चालू असताना तुमच्याकडे यायचं तर काय आणू?

सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, नावाचा तुकडा न फाडता. बीपी-शुगरच्या, दुखीच्या, आयुर्वेदिक, सगळ्याच. शेवटची रक्त तपासणी. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी, आणि तिच्यावर फोन नंबर असेल तर उत्तम.

गोळी संपली, डॉक्टर पंधरा दिवस गावाला गेलेत. काय करू?

स्वतः बंद करू नका आणि शेजाऱ्याची घेऊ नका. जुनी चिठ्ठी घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या एमबीबीएस डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करता येतो, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात. मलाही फोन करा. मी गोळी सांगणार नाही, पण कुठे जायचं ते सांगेन, आणि तुम्ही पोचलात का ते संध्याकाळी विचारीन.